हवेतली धार

किसलेल्या काकडीची खमंग काकडी प्रस्तुत लेखकाच्या आजीला मान्यच नव्हती. काकडी चोचवायची असते. सोललेली काकडी डाव्या हातात धरायची, सुरीने तिच्यावर उभे, दाट घाव घालत जायचं आणि मग त्या घावांचा वरचा थर पातळ तासून ताटात पाडायचा. हाती येतो तो कीस नसतो, आणि त्या फोडीही नसतात. किसणी काकडीचा लगदा करून तिचं पाणी काढते. चोचवलेली काकडी मात्र दाण्याच्या कुटात मिसळल्यावरही दाताखाली कुरकुरते. फक्त हे सगळं तळहातावर चालतं. सुरीला धार असली तर तिच्या वजनानेच घाव पडतो. धार नसली की जोर लावावा लागतो, आणि जोराने सुटलेली सुरी कुठे थांबेल हे मग तिचं तीच ठरवते.

धार गेल्याचं आधी भाजीच सांगते. टोमॅटोची साल आत दबते, कोथिंबीर चिरल्यावर तासाभरात काळी पडते, पावाचा चुरा होतो. कांदा तर सूडच घेतो. डोळ्यांत पाणी आणणारं द्रव्य अख्ख्या कांद्यात तयार नसतंच. पेशी फुटल्या की दोन वेगळे ठेवलेले घटक एकत्र येतात आणि ते तयार होतं. त्यामागचं नेमकं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली ओळखलं. बोथट पातं पेशी कापत नाही, चिरडतं. म्हणून तोच कांदा, तीच बाई, पण रडणं जास्त.

आजीच्या घरी सुरी होती ती एवढ्या चोचवण्यापुरती. बाकी सगळं राज्य विळीचं. लाकडी पाट, त्यातून वर आलेलं बाकदार पातं, टोकाला नारळासाठी खवणी. एक पाय पाटावर, दोन्ही हात मोकळे, आणि भाजीच पात्याकडे जाणार. गोव्यात तिला आदोळी म्हणतात, बंगालमध्ये बोटी, कर्नाटकात ईळिगे मणे, आंध्र-तेलंगणात कत्तिपीट. दोन्ही हातांत धरलेला मासा किंवा फणसाचा गरा पात्यावर ढकलण्यात जो ताबा असतो, तो एका हाताने सुरी चालवण्यात येत नाही, हे बोटीवर मासे कापणाऱ्या कुठल्याही बंगाली कोळणीला पाहिलं की पटतं.

पण विळीची खरी हुशारी वेगळीच आहे आणि ती लेखकाच्या लक्षात फार उशिरा आली. विळीची धार हवेत असते. भाजी तिच्यातून जाते आणि थेट ताटात पडते. पात्याला भाजीपलीकडे काही लागतच नाही. सुरीचं तसं नाही. प्रत्येक कापाला ती भाजी संपल्यावर खाली कशावर तरी आपटते. दिवसभरात तिचा जो काठ झिजतो, तो गवारीने कमी आणि गवारीखालच्या पृष्ठभागाने जास्त. म्हणून लोहाराने घडवलेलं साध्या लोखंडाचं पातं महिनोन्‌महिने निभावून न्यायचं, आणि आजची महागाची सुरी पंधरवड्यात रुसते.

मग ओटा आला. जमिनीवरचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, गुडघे कुरकुरू लागले, मोडणीची विळी कपाटात गेली आणि हातात सुरी आली. यात हळहळण्यासारखं फारसं काही नाही. ज्यांनी चाळीस वर्षं उकिडवं बसून भाज्या चिरल्या त्यांना विचारावं. मात्र सुरीबरोबर जी बाकीची गृहस्थी यायला हवी होती ती आली नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावरच कांदा चिरणारी घरं लेखकाने कितीतरी पाहिली आहेत. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं, आणि ते सुरीच्या पोलादापेक्षा कठीण. काचेचे रंगीत, फुलाफुलांचे पाट तर सुऱ्यांचे हाडवैरीच म्हणायचे. लाकडाचा पाट हवा, नाहीतर साधा प्लॅस्टिकचा. सुरीवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, असं लेखकाचं ठाम मत आहे.

आता सुरी. दुकानात गेलं की लाकडी ठोकळ्यात रोवलेला सात सुऱ्यांचा संच समोर येतो. त्यातल्या पाच कधीच बाहेर निघत नाहीत. मराठी घराला १६ ते २० सेंटिमीटर पात्याची एक सुरी आणि बोटभर पात्याची एक लहान सुरी पुरते. नारळासाठी कोयता वेगळा. लहान सुरी म्हणून आपल्याकडे बारीक दात्यांची स्विस सुरी फार लोकप्रिय आहे, टोमॅटो ती लोण्यासारखा कापते. पण दात्यांच्या सुरीला सपाट दगडावर धार लावता येत नाही. ती घेताना आपण धार लावायची नाही असंच ठरवलेलं असतं. गेली की टाकायची. तो हिशेब आवडत असेल तर वाईट काही नाही.

मोठ्या सुरीत दोन घराणी आहेत. जर्मनीतल्या झोलिंगेनची सुरी जाडसर, वजनदार. तिचं पोलाद साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचं, कठीणपणा रॉकवेलच्या मापाने ५६च्या आसपास. ती लवकर बोथटते, पण तुटत नाही, आणि चटकन पुन्हा धारेवर येते. जपानी सुरीचं पातं पातळ, कठीणपणा ६०च्या वर, काठाचा कोन निमुळता. साकाई आणि सेकी ही तिची गावं. तिची धार टिकते, पण स्वभाव काचेचा. वाकण्याऐवजी ती टवका सोडते.

गंजण्याची भीती घालवली ती एका इंग्रजाने. शेफील्डचा हॅरी ब्रेअर्ली १९१३ साली बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा शोध घेत होता. क्रोमियम घातलेलं पोलाद गंजत नाही हे त्याने हेरलं आणि सुऱ्या करणाऱ्यांच्या मागे लागला. पहिल्या सुऱ्या इतक्या बेताच्या निघाल्या की न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून त्याची थट्टा झाली. तंत्र सुधारलं, थट्टा विरली. पण स्टेनलेस सुरी नुसती चकाकते म्हणून ती कापेलही, हा समज अजून गेलेला नाही. उलट, आजीची विळी काळीभोर होती. वांग्यातली, कच्च्या केळ्यातली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काळा थर धरतात आणि हा थर पात्याला राखतो. काळं पडलं तर चालतं. तांबूस दिसलं की समजावं, कुणीतरी न पुसता ठेवलं.

लेखकाने जपानी घराण्याची सुरी घेतली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिने लाल भोपळ्याला हात घातला. घारगे करायचे होते. पुष्कळ घरांत भोपळ्यावर, कोहळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालायचा असा रिवाज असतो. लेखकाने तो निष्ठेने पाळला, सुरी भोपळ्यात अडकली, आणि सोडवायला म्हणून ती डावीउजवीकडे हलवली. काठाचा नखाएवढा अर्धचंद्र भोपळ्यातच राहिला. पातळ पात्याला सरळ दाब सोसतो, पीळ सोसत नाही, हे त्या भोपळ्याने शिकवलं. घारगे त्या दिवशी विळीवरच्या फोडींचे झाले.

दुसरा धडा रस्त्यावर मिळाला. सायकल स्टँडवर चढवून पायडलने सहाणेचं चाक फिरवणारे धारवाले अजून काही गल्ल्यांत येतात. कल्हईवाले गेले, पाट्याला टाकी लावणारे गेले, हे अजून टिकून आहेत. याच कामावरून शिकलगार हे नाव पडलेलं. मूळ शब्द अरबी-फारसीतला, सैकल म्हणजे शस्त्राला जिल्हई देणं. तलवारी गेल्या, आडनाव राहिलं. लेखकाने टवका पडलेली सुरी अशा एका कारागिराकडे दिली. ठिणग्यांचा सुरेख पिसारा उडाला, टवका नाहीसा झाला आणि काठ निळसर होऊन परत आला. पोलाद तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलं की असा निळा रंग धरतं. भट्टीत तापवून पाण्या-तेलात बुडवून पात्याला दिलेलं ‘पाणी’ तेवढ्या उष्णतेने उतरतं आणि पोलाद मऊ पडतं. दोष त्या माणसाचा नव्हता. त्याचं कोरडं चाक विळ्या, कात्र्या, कोयते यांच्यासाठी होतं आणि ते काम तो उत्तम करत होता. चुकीची वस्तू चुकीच्या दारी नेली ती लेखकाने.

तेव्हा कुठे उमगलं की सुरी निवडताना आपण धार लावायची रीतही निवडत असतो. घिसाडी लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेल्या कोयत्याला कानस पुरते. जर्मन सुरीला अधूनमधून दगड आणि रोज पोलादी सळई. जपानी सुरीला मात्र दगडच हवा. सळईवर तिचा काठ ठिसूळपणे तुटू शकतो, आणि खाचेत ओढायचं ते स्वस्त यंत्र तर धातू खरवडूनच काढतं.

शेतकऱ्याच्या घरात या दगडाला निसणा म्हणतात. उत्तम निसणा कुरुंदाचा. कुरुंद हिऱ्याच्या खालोखाल कठीण खनिजांत मोडतं, मोसच्या कठीणपणाच्या मापावर ९. आणि त्याचं इंग्रजी नाव ‘कोरंडम’ हे दक्षिण भारतातल्या ‘कुरुंदम’वरूनच गेलेलं आहे. आज मिळणारे जपानी धर्तीचे पाण्याचे दगड कारखान्यात बनतात, पण त्यांतला दाणा बहुधा तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड असतो. दगडावरचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. टवके काढायला ४००, रोजच्या संसाराला १०००. तीन-चार हजारांच्या पुढचे दगड दाढी करायची असेल तर घ्यावेत. पालेभाजीला त्यांचा उपयोग लेखकाला दिसलेला नाही.

दगड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. खाली ओला पंचा, म्हणजे तो सरकत नाही. सुरी आडवी ठेवून पाठ उचलायची. साडेचार सेंटिमीटर रुंदीचं पातं असेल तर पाठ दीड सेंटिमीटर वर आली की कोन २० अंशांच्या जवळ जातो. जपानी सुरीला याहून थोडा कमी. मग डाव्या हाताची दोन बोटं काठाजवळ टेकवून, तो कोन न बदलता, सुरी दगडावरून पुढे-मागे न्यायची. सांगायला दोन ओळी, साधायला दोन महिने. मनगट डुलतं, कोन बदलतो, आणि काठ टोकदार होण्याऐवजी गोल होतो. यावर एक शाळकरी युक्ती आहे: काठ काळ्या मार्करने रंगवायचा आणि चार वेळा घासून बघायचं. शाई अगदी काठापर्यंतची गेली तर कोन बरोबर. वरचीच गेली तर पाठ फार खाली आहे.

थांबायचं केव्हा, हे मात्र डोळ्याला कळत नाही, अंगठ्याला कळतं. एक बाजू पुरेशी घासली गेली की विरुद्ध बाजूला, काठाच्या पूर्ण लांबीभर, धातूची बारीकशी लव उभी राहते. अंगठा पाठीकडून काठाच्या बाहेर ओढला (काठावरून आडवा कधीच नाही) की ती खरखरते. ही लव आली याचा अर्थ दोन्ही उतार एकमेकांना भेटले. ती येण्याआधी बाजू बदलली तर तासभर घासूनही सुरी जिथल्या तिथेच. घरी धार लावणारे बहुतेक जण इथेच फसतात. लेखकही वर्षभर फसत होता आणि दगडाला नावं ठेवत होता. दुसऱ्या बाजूनेही लव उठली की मग दाब कमी करत, शेवटी नुसत्या सुरीच्या वजनावर, बाजू आलटूनपालटून ती लव काढून टाकायची. राहिली तर सुरी दोन दिवस छान कापते आणि तिसऱ्या दिवशी रुसते.

दगडावर साचणारा राखाडी चिखल घाईने धुऊ नये. त्यातले सुटे दाणेही काम करतात. दगड मध्ये खोलगट झाला तर तो सपाट करून घ्यावा लागतो, नाहीतर वाकड्या आरशात भांग पाडल्यासारखं होतं. आणि घरात दगड नसेल, पाहुणे दारात असतील, तर चिनी मातीचा कप पालथा घालावा. त्याच्या बुडाची, चकाकी नसलेली खरबरीत कडा पोलादापेक्षा कठीण असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सात वेळा हलक्या हाताने ओढलेली सुरी संध्याकाळ निभावते.

बाकीचं राखणं म्हणजे नुसती शिस्त. सुरी खरकट्या भांड्यांच्या ढिगात टाकायची नाही, चमच्यांच्या खणात मोकळी सोडायची नाही, चिरलेली भाजी काठाने खरवडून कढईत लोटायची नाही. ती उलटी करून पाठीने लोटावी. या एवढ्या एका सवयीने लेखकाची धार लावण्याची पाळी महिन्यावरून दोन महिन्यांवर गेली.

मराठी पंचांगाने हत्यारांची काळजी आधीच वाहिलेली आहे. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही. त्या दिवशी वाफेवरची पुरणाची दिंडं आणि विळीला सुट्टी. आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आजीकडे त्या दिवशी विळी, कोयता, अडकित्ता राखेने घासून, पुसून पाटावर मांडले जात. आदल्या संध्याकाळी ती विळीचं पातं पाट्याच्या कडेवर पाणी घालून घासत बसायची. कोन, लव, दाणा असला एकही शब्द तिला ठाऊक नव्हता; मधेच थांबून पात्यावरून अंगठा बाहेरच्या बाजूला ओढायची आणि पुन्हा घासू लागायची.

लेखकाच्या ओट्यावर आता अष्टमीच्या संध्याकाळी ओल्या पंच्यावर हजाराचा दगड असतो. दोन सुऱ्या होतात, मग विळीची पाळी. ती मोडणीची आहे, पातं थोडं डुलतं, त्यामुळे दगडच हातात धरून पात्यावरून फिरवावा लागतो. अर्धचंद्र गेलेली सुरी इतक्या वर्षांत घासून घासून बोटभर अरुंद झाली आहे. काकडी चोचवायला तीच सगळ्यांत बरी पडते.