झरोका बुजवू नकोस

सोलापूर,
जानेवारी २०२६

चि. बाळ,


लंडनच्या कालव्यात, सात फूट रुंदीच्या पोलादी बोटीत तू बिऱ्हाड थाटलंस हे ताईकडून कळलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो उबेचा. तुझ्या पत्रात लाकडाच्या शेगडीचं वाचून बरं वाटलं. पण पुढची ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. गार वारा येतो म्हणून दाराजवळचा आणि छतावरचा झरोका तू कापड कोंबून बंद केलास, आणि रात्री शेगडीची हवा पार कमी करून लाकूड सकाळपर्यंत धुमसत ठेवतोस. पत्र खाली ठेव, आधी ती कापडं काढ. मग पुढचं वाच.

फोनवर सांगितलं तर तू "हो मामा" म्हणशील आणि विसरशील, म्हणून लिहून पाठवतोय. सूत रंगवणाऱ्या कारखान्यांच्या बॉयलरसमोर माझी उमर गेली. चादरीच्या सुतात रंग उतरतो तो गरम पाण्यात, आणि त्या पाण्यासाठीची वाफ आम्ही लाकडावर केली. बहुतेक वेडी बाभूळ, कधी कडुलिंब, कधी वखारीतून येईल ते. आमचा बॉयलर खोलीएवढा, तुझी शेगडी गुडघ्याएवढी. पण आगीची मागणी दोन्हीकडे एकच असते.

ओंडका आत टाकलास की आधी त्यातलं पाणी उडतं. ते उडेपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या पुढे फारसं तापत नाही. दोन-तीनशे अंशांवर त्यातून वायू निघायला लागतात. आपल्याला पिवळी ज्वाळा दिसते ती या वायूंची. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्या ज्वाळेत असते, निखाऱ्यात उरलेली. हे वायू नीट जळायला सहाशे अंशांच्या आसपासची धग आणि भरपूर हवा, दोन्ही एकाच वेळी हव्यात. तू हवा कोंडलीस की ज्वाळा मरते आणि वायू न जळताच चिमणीत चढतात. तिथल्या थंड पत्र्याला लागून त्यांचं डांबर होतं. शेगडीची काच काळी पडते, छतावर चिमणीच्या बुडाशी तपकिरी ओघळ येतात असं तू लिहिलंस. ते ओघळ म्हणजे तू पैसे मोजून घेतलेलं, न जळलेलं जळण आहे. आणि आत साठलेलं डांबर एखाद्या रात्री चिमणीतच पेट घेतं.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. कोंडलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि माणसाला वाटतं प्रवासाचा शीण असेल. आपल्याकडे उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, त्या बातम्या तूही वाचल्या असशील. तुमच्याकडे राहत्या बोटींना या वायूची सूचना देणारं यंत्र १ एप्रिल २०१९ पासून बोट-सुरक्षेच्या नियमांत सक्तीचं आहे. तुझ्या बोटीत ते असणारच. त्याचं बटण दाबून ते वाजतं का बघ, आणि त्यातला सेल दुसऱ्या कशासाठी काढू नकोस.

आता तुझ्या मोठ्या तक्रारीकडे येतो. भिंतींना पाणी सुटतं, गादीची खालची बाजू ओली होते, म्हणून वारा आणखी बंद करावासा वाटतो. बाळ, इथे उलटं चाललंय. ते पाणी बाहेरून येत नाही. तुझ्या श्वासातून, भाताच्या वाफेतून, वाळत घातलेल्या टॉवेलमधून येतं. गॅसची शेगडीसुद्धा पाणीच सोडते, कारण गॅस जळला की पाण्याची वाफ होते आणि तिला वर जायला चिमणी नसते. पाच अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त सात ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, वीस अंशांची सतराच्या आसपास. म्हणजे बाहेरची गार हवा, पावसात भिजलेली वाटली तरी, आत येऊन तापली की कोरडी होते. धडधडून पेटलेली शेगडी खोलीतली दमट हवा ओढून चिमणीतून बाहेर टाकते आणि झरोक्यातून ही कोरडी होणारी हवा आत घेते. बोट सुकते ती अशी. झरोके बुजवलेस तर शेगडीचा श्वास कोंडतो आणि ओल आतच फिरत राहते.

आजोळच्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठवतो का? मधे नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीभोवती पाणी. आजी वरून ढलप्या आणि करवंट्या टाकायची. पाच मिनिटं धूर, मग नळीतून घोंघावल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज आला की ती म्हणायची, आता लागला. न्हाणीचं दार लावलेलं असलं तरी भिंतीतल्या वरच्या झरोक्याला झडप नव्हती. ज्या गवंड्यानं तो ठेवला त्याला हे कळत होतं.

तुझ्या चिमणीची अडचण खरी आहे. चिमणीची ओढ गरम हवेच्या उंचीवर ठरते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडली ती, नव्वद मीटरच्या आसपास उंच होती. कालव्यावरचे पूल ठेंगणे, म्हणून तुझी चिमणी छतावर हातभर. तेव्हा ओढ कमीच राहणार, त्यात पेटवताना पत्रा गार. उपाय सोपा आहे. पेटवण्याआधी एक दार किलकिलं कर. मोठी लाकडं खाली, बारीक ढलप्या वर रच आणि वरून पेटव, म्हणजे पहिली धग थेट चिमणीला लागते. लाकडाला हवा वरच्या झडपेतून दे आणि तळाशी इंचभर राख राहू दे. दगडी कोळशाचं वेगळं, त्याला जाळीखालून हवा लागते. दोन्हींना एकच झडप वापरलीस तर धूर होणारच.

लाकूड मात्र पारखून घे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असतं. ते उडवण्यात जी उष्णता जाते ती तुझ्या खोलीला मिळत नाही. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. नियम चांगला आहे, तरी स्वतः तपासत जा. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मीटर लाव, बाहेरची साल खोटं सांगते. दोन तुकडे एकमेकांवर आपट. कोरडं लाकूड टणकन वाजतं, ओलं बद्द. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, बाभूळ लवकर वाळते. तुझ्याकडे ओकला दोन वर्षं लागतील, म्हणून या वर्षी वाळलेलं विकत घे आणि दोन वर्षांनंतरचं आत्ताच रच, वरून झाकलेलं आणि बाजूंनी मोकळं. कचऱ्याजवळची पॅलेट उचलत असशील तर तिच्यावरचा शिक्का बघ. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. 'एमबी' असेल तर विषारी वायूची, ती घरात आणू नकोस. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, भुशाचे दाबलेले तक्ते शेगडीत घालूच नकोस.

कालव्यावरच्या या बोटींतून पूर्वी अख्खी कुटुंबं राहायची. दहा फूट लांब, सात फूट रुंद खोली, दारातून आत शिरताच शेजारी कोळशाची चूल, आणि त्यातच नवरा, बायको, पोरं. सोलापूरची जुनी गिरणी आणि या बोटींचा कायदा एकाच सालचे, १८७७. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं त्या पोरांचे हाल वेशीवर टांगले, तेव्हा कुठे तो कायदा झाला. केबिनमध्ये किती जणांनी झोपायचं हे त्यानं घनफुटांच्या हिशेबानं बांधून दिलं. हवा मोजून द्यावी लागते हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

आणखी एक, आणि हे लिहिताना हात जड होतो. १८ मे २०२५ च्या पहाटे इथे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली, त्यांत एक लहान मूल होतं. माझं सगळं आयुष्य त्याच धंद्यात गेलं, त्यामुळे ती पहाट डोक्यातून जात नाही. तुझ्या बोटीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन दारं आहेत. झोपताना दोन्ही आतून हातानं उघडतील अशी ठेव. पायऱ्यांवर सायकल नको, सरपण नको. राख गार वाटली तरी झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत घालून रात्री बाहेर ठेव. निखारा राखेत तासन् तास जिवंत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो.

मग रात्री ऊब कशी मिळणार, हे तू विचारशील. माझं सरळ मत असं: शेगडी रात्रभर धुमसत ठेवायचा नाद सोड. संध्याकाळी कोरड्या लाकडावर दोन-तीन तास ज्वाळेनिशी पेटव, पत्रा आणि फरशी तापू दे, आणि झोपायच्या आधी शेवटचं लाकूड नीट जळून संपू दे. पहाटे गारठा लागेल, तो अंगावरच्या पांघरुणानं भागतो. ताईकडे दोन चादरी दिल्या आहेत, जड विणीच्या, डबल बेडच्या. ती फेब्रुवारीत कोणाबरोबर तरी पाठवेल.

इथे गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालली आहे, होम मैदानावर पाळणे उभे राहतायत. तुझी मामी बरी आहे, गुडघे तेवढे त्रास देतात.

उत्तरात एवढं नक्की लिही: शेगडीपासून चिमणीच्या टोकापर्यंत उंची किती फूट भरते, चिमणी एकेरी पत्र्याची आहे की दुहेरी, आणि ती शेवटची कधी घासली. दुहेरी नसेल तर बदलून घे. पैसे लागले तर ताईला न सांगता मला कळव.

तुझा,
मामा