आवाज करणारी डिस्क

घरातले झोपले की मी लिहायला बसतो. पूर्वीच्या कॉम्प्युटरमध्ये मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी हार्ड डिस्क होती. तिची घरघर पलीकडच्या खोलीत जायची. "अरे, ती गिरणी बंद कर आता," अम्मी म्हणायची.

ती डिस्क पुढे आठवडाभर टकटक करत राहिली. हेडला तबकडीवरची माहिती सापडेना की असा आवाज येतो. घाबरून मी सगळं नव्या, ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर उतरवलं. ही शांत, पण सुस्त. हवी ती माहिती हेडखाली यायला तबकडीला सरासरी अर्धी फेरी लागते: ७२०० वर सुमारे ४.२ मिलिसेकंद, ५४०० वर ५.६. फरक किरकोळ वाटतो, पण कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो तुकडे गोळा करायचे असतात. तेवढ्यात माझा चहा व्हायचा.

कंटाळून एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारं काहीच नाही. वेग भरपूर, आवाज शून्य. अम्मी खूश.

एके सकाळी ती कॉम्प्युटरला दिसेनाशीच झाली. रात्री ठणठणीत होती, साधी कुरकुरही नाही. कॅसेटवरून उतरवलेली अब्बांच्या आवाजातली चौदा रेकॉर्डिंग तिच्यात होती.

कपाटातली ५४०० वाली जोडली. नऊ सापडली. उरलेली पाच मी नंतर उतरवली होती, आणि त्या कॅसेटना तोवर बुरशी लागलेली.

आता नऊच्या दोन प्रती आहेत. एक आपाकडे ठेवलीय. ईदला गेलो की लावून बघतो, चालते ना.