निळी रेषा आणि मे महिन्यातला कांदा

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीतले इंद्रायणीकाठचे ३६ बंगले पाडले. ते निळ्या पूररेषेच्या आत उभे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०२४ मधला. तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला आणि पावसाळ्याच्या तोंडावर यंत्रं नदीकाठी येऊन ठेपली. आयुष्यभराची पुंजी घालून उभी केलेली घरं काही तासांत ढिगारा झाली. प्लॉट कुणी विकले, बांधकाम चालू असताना अडवलं का नाही, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले. रास्तच होते ते.

पण ही निळी रेषा म्हणजे काय? सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं, ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. दोन्ही आखल्या जातात त्या होऊन गेलेल्या पावसाच्या आणि पुरांच्या हिशेबावर. आणि तो हिशेबच आता हलू लागला आहे. पुण्यातच, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हा निष्कर्ष चिखलीच्या ढिगाऱ्याशेजारी ठेवून वाचला, तर शहरपानावरची बातमी एकदम मोठी होते. मग आज रेषेबाहेर निर्धास्त झोपलेल्या घरांचाही प्रश्न पुढे येतो.

चिखलीतली घरं पडली त्याच महिन्यात चाकणच्या बाजूला वेगळीच घालमेल चालली होती. मोटारींच्या कारखान्यांनी जगाला ठाऊक झालेलं हे गाव त्याआधीपासून कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने महाराष्ट्र गाठला. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो तिथे आल्याची नोंदच नव्हती. त्याआधीच्या अवकाळीने राज्यभर काढणीचा कांदा भिजवला होता. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही; एक सडला, की शेजारचे दहा जातात.

वर्तमानपत्रात कांदा शेतीच्या पानावर जातो, कारखान्यातली नवी गुंतवणूक अर्थपानावर आणि पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी शहरपानावर. चाकणच्या खेड तालुक्यात मात्र एकाच घरात बाप कांद्याची चाळ राखतो आणि मुलगा कंपनीत रात्रपाळीला जातो. ही सगळी पानं त्या घरात एकाच वेळी उघडी असतात. ‘हवामान बदल’ हा शब्द तिथे क्वचितच ऐकू येईल, पण “पावसाचा आता काही भरवसा राहिला नाही” हे वाक्य पारावर कुणीही म्हणतं. २०२४ हे नोंदीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, ही जगाची बातमी या वाक्याला जोडून देणं हे बातमीदाराचंच काम.

जोडताना भान मात्र हवं. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसं गेली. तो पूल गंजलेला होता, धोकादायक म्हणून माहीत होता आणि त्यावर गर्दी लोटली होती. तिथे हवामानाचं नाव घेणं म्हणजे जबाबदार माणसांना आडोसा देणं. आळंदीतला इंद्रायणीवरचा फेसही तसाच. वारकरी ज्या पाण्यात श्रद्धेने बुडी मारतात, त्यावर तरंगणारा तो पांढरा थर प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा आहे. त्याचं मूळ शोधायला नाल्याच्या तोंडाशी जावं लागतं.

चिखलीच्या बाबतीत जायचं ठिकाण आणखी जवळ आहे. पूररेषेचे नकाशे सरकारी कार्यालयात असतात. तिथे जाऊन एवढंच विचारायचं: ही रेषा कोणत्या वर्षापर्यंतच्या पावसावर आखली, आणि पुन्हा कधी आखणार? पवना, मुळा आणि इंद्रायणी, तिन्ही काठांवरच्या माणसांना याचं उत्तर पुढच्या पावसाळ्याआधी, तारखेसकट, छापून मिळायला हवं.