एसपीवाल्यांचा तास

महाराष्ट्रात अकरावी कॉमर्सला प्रवेश घेताना मुलांना एक निवड करावी लागते: गणित की सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. दहावीच्या गणिताने दमलेली मुलं ‘एसपी’ घेतात आणि पुढची दोन वर्षं त्यांची आकडेमोड बुककीपिंगपुरती उरते. मग ती एफवायबीकॉमला येतात. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिथे वर्षानुवर्षं एक सक्तीचा पेपर होता: ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’, दोन्ही सत्रांना शंभर-शंभर गुणांचा. पहिल्या सत्रात शेअर्स, म्युच्युअल फंड, संभाव्यता; दुसऱ्यात विकलन, व्याज आणि अ‍ॅन्युइटी, सहसंबंध, निर्देशांक. बारावीपर्यंत गणित केलेली आणि दहावीनंतर त्याच्याकडे न फिरकलेली मुलं एकाच बाकावर बसत.

मुलुंडमधल्या एका कॉलेजात मी हा पेपर शिकवत असताना आमच्या विभागाने या मुलांसाठी आधारवर्ग सुरू केला. नोटिशीवर त्याचं नाव काहीही असलं, तरी मुलांनी त्याला ‘एसपीवाल्यांचा तास’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं.

पहिला प्रश्न वेळेचा होता. उपनगरातली बरीच कॉमर्स कॉलेजं सकाळी लवकर भरतात. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळीहून लोकलने येणारी मुलं शेवटचं लेक्चर आटोपलं की कामाला पळतात. कुणी औषधाच्या दुकानात काउंटरवर, कुणी सीएच्या ऑफिसात बिलं लावायला. दुपारी तास ठेवला असता, तर ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज तीच मुलं आली नसती. म्हणून शेवटच्या लेक्चरला लागूनच, त्याच वर्गात तो ठेवला.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता: शिकवायचं काय? विभागात दोन मतं होती. काही जण म्हणत, आधी महिनाभर शाळेचं गणित पक्कं करून घ्या, मग अभ्यासक्रमाकडे वळा. माझं मत वेगळं होतं. ज्याला सातवीचं पुस्तक पुन्हा उघडायला लावलं, त्याला आपण मागे पडलोय एवढंच त्यातून कळतं. मूळ पेपर चालूच राहावा आणि त्या आठवड्याच्या गणितात जिथे पाय अडकतो, तेवढाच जुना भाग त्याच आठवड्यात सोडवावा, असं मला वाटत होतं.

याला आधार होता. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ साली आपल्या तीन कम्युनिटी कॉलेजांत एक प्रयोग केला. गणितात कच्चे ठरलेले सुमारे ९०० विद्यार्थी यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत वाटले. पहिल्या गटाला नेहमीचं पायाभूत बीजगणित दिलं, दुसऱ्याला तेच बीजगणित आणि जोडीला दर आठवड्याची कार्यशाळा. तिसऱ्याला पायाभूत टप्पा वगळून थेट पदवीचं संख्याशास्त्र दिलं, तशाच कार्यशाळेसह. पहिल्या गटातले ३९ टक्के पास झाले, दुसऱ्यातले ४५ आणि तिसऱ्यातले ५६ टक्के. विषय अवघड असूनही तिसरा गट पुढे राहिला. आम्ही तीच दिशा धरली.

आमच्या वर्गात मुलं कुठे अडत होती? विकलनाचं सूत्र त्यांना पाठ असे. घात होई तो कंसात. उत्पन्न ४०० रुपये, खर्च २०० अधिक ५०, तर नफा किती? कंस सोडवताना पुढचं उणे चिन्ह ५०पर्यंत पोचतच नसे आणि १५०च्या जागी उत्तर २५० येई. मग आम्ही आधी कंसाबाहेर येऊन दुकानदाराला विचारतात तसं विचारू लागलो: खर्च एकूण किती झाला? २५०. मग नफा २५० कसा? तिथे मुलं स्वतःच पेन्सिल उचलत.

म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचं गणितही असंच. दरमहा १,००० रुपये, तीन महिने, एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, अनुक्रमे २०, २५ आणि ४०. एका युनिटची सरासरी किंमत? बहुतेक जण तिन्ही भाव मिळवून तिनाने भागत आणि २८.३३ लिहीत. पण युनिटं मिळाली ५०, ४० आणि २५, म्हणजे ११५. ३,००० भागिले ११५, उत्तर २६.०९. भाव कमी होता तेव्हा जास्त युनिटं आली, हे तक्ता भरताना डोळ्यांसमोर येई आणि भारित सरासरी वेगळी समजावावी लागत नसे.

एके दिवशी मी फळ्यावर लिहिलं: १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८० रुपये, मूळ किंमत काढा. वर्गाने १,१८०चे १८ टक्के वजा करून ९६७.६० काढले. वडिलांच्या इलेक्ट्रिकल दुकानात बसणारा एक मुलगा मागून म्हणाला, ‘‘मॅडम, हजार. कर हजारावर लागलाय, अकराशे ऐंशीवर नाही.’’ बारावीला एसपी घेतलेला हा मुलगा तोवर वर्गात बोलतही नसे. मी त्यालाच फळ्याशी बोलावलं. १,१८० भागिले १.१८ त्याने लिहिलं. मग मी विचारलं, १० टक्के व्याजदराने वर्षानंतर मिळणारे १,१०० रुपये आज किती रुपयांच्या बरोबरीचे? त्याने १.१०ने भागलं. अ‍ॅन्युइटीतलं वर्तमान मूल्य त्या दिवशी वर्गाला त्याच्याकडून कळलं.

त्यानंतर हप्त्यांकडे जाणं सोपं झालं. २४,००० रुपयांचा फोन, वर्षाचं कर्ज, दर १२ टक्के. फ्लॅट पद्धतीने व्याज २,८८० आणि हप्ता २,२४०. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे २,१३२ आणि एकूण व्याज साधारण १,५८८. दर तोच, पण फरक जवळपास तेराशे रुपयांचा. हप्त्यावर फोन घेतलेल्या एका मुलीने आपला करार दुसऱ्या दिवशी वर्गात आणला आणि अख्ख्या वर्गाने तो सोडवला.

सगळे पास झाले, असं नाही. काहींना केटी लागली, काहींची नोकरी तासाच्या आड आली. पण अ‍ॅन्युइटीचा प्रश्न ऑप्शनला टाकून देणारी मुलं तो सोडवायला घेऊ लागली आणि गाइडमधलं उत्तर चुकलं असेल, असं म्हणण्याइतपत धीट झाली.

नॅकच्या मूल्यमापनात ‘स्लो लर्नर्स’साठी कॉलेज काय करतं, हे विचारलं जाई. तेवढ्यासाठी भरलेल्या फायलीने हे काम होत नाही. आम्ही ‘स्लो लर्नर्स’ हा शिक्का वापरला नाही. बारावीला गणित घेतलेल्यांनाही दार उघडं ठेवलं आणि तीही येऊ लागली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांतली अभ्यासक्रमाची रचना बदलू लागली. अकरावीत गणित सोडलेली मुलं मात्र कॉमर्सला येतच राहणार. त्यांच्यासाठीचा तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावा आणि पहिल्या आठवड्यापासून छापील वेळापत्रकात असावा, दुपारी बारा वाजायच्या आत.