शेवंतीच्या पाण्याबद्दल, सोनूस

सासवड,
पितृपक्ष

चि. सोनूस,


तुझा निरोप रात्री वाचला आणि सकाळी चहा व्हायच्या आधी कागद पुढ्यात घेतला. फोनवर तू ‘थोडक्यात सांग’ म्हणतेस, आणि हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. निरोपात लिहिलंस, ‘मावशी, शेवंतीला रोज किती मिली पाणी घालायचं तेवढं कळव. मेली तर मेली, दिवाळीला नवी आणू.’ पहिल्या वाक्याचं उत्तर देतेच, पण दुसरं वाक्य मला लागलं. आक्कांच्या अंगणातली शेवंती आहे ती. वाड्याची वाटणी झाली तेव्हा तुझ्या आईने दुसरं काय मागितलं होतं? मग तिच्याबद्दल असं लिहू नये गं.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. खालची पानं पिवळी, वरची मलूल, माती काळी कुळकुळीत आणि बशीत पाणी. तू म्हणतेस, दुपारी झाड मान टाकतं म्हणून संध्याकाळी आणखी एक तांब्या घालते. तिथेच घोळ होतोय. शेवंतीची मुळं वरच्या थरातच पसरतात, तंतूंसारखी असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भिजलेल्या मातीतलं झाडही तहानलेलं दिसतं. आपण त्याला आणखी पाणी पाजतो आणि ते आणखी खचतं.

तेव्हा मान टाकलेलं झाड दिसलं की आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल. कोरडं लागलं तर तहान आहे. ओलं लागलं तर हात आवर. ऊन उतरल्यावर झाड आपणहून सावरलं तर तो नुसता उन्हाचा ताण होता. सकाळपर्यंत सावरलं नाही आणि माती ओली आहे, तर कुंडी आडवी करून माती अलगद मोकळी कर आणि मुळं बघ. पांढरी असतील तर जीव आहे. तपकिरी, बुळबुळीत आणि वासाची असतील तर तेवढी कापून टाक आणि वाळू व शेणखत मिसळलेल्या कोरड्या मातीत झाड लाव. बशी आजच काढ. तुमच्या सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले म्हणून तूच सांगत होतीस ना? मग साठलेलं पाणी घरात ठेवायचं कशाला?

आता मिलीचं. असा आकडा नसतो, सोनू. तीच कुंडी जुलैत आठवडाभर पाणी मागत नाही आणि एप्रिलमध्ये रोज मागते. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लास्टिकची उशिरा. कोकोपीट असेल तर वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. पाणी घालायचं तेव्हा बुंध्याशी, सावकाश, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावं. मग वरची इंचभर माती सुकेपर्यंत थांबावं. सकाळी घालावं, पानांवर ओतू नये. रात्रभर पानं ओली राहिली की काळे ठिपके पडतात, तांबेरा येतो.

आत्ता पाऊस ओसरतोय, तेव्हा कुंडी विटांवर चढव म्हणजे भोक मोकळं राहील. ऑक्टोबरच्या उन्हात तिला पुन्हा रोजचं लागेल, आणि त्याच सुमारास कळ्या धरतील. कळी धरल्यापासून ओलावा एकसारखा ठेव. या काळात माती एकदा कडकडीत वाळली की कळ्या करपतात, मग कितीही पाणी घाल. फुलं उमलल्यावर तर वरून थेंबही नको, पाकळ्या सडतात. थंडीत माती हळू सुकते, तेव्हा एक दिवसाआडही पुरे होतं.

आणि आता जे सांगते ते नीट वाच. फेब्रुवारीच्या आसपास फुलं संपतात, झाड वाळकं दिसतं आणि लोक कुंडी कचऱ्यात नेऊन ठेवतात. मला हे बघवत नाही. शेवंती एका मोसमाची नाही गं, बहुवर्षायू आहे. फुलं संपली की वीतभर ठेवून वरचं छाटायचं आणि पाणी कमी करायचं, पण अगदी बंद करायचं नाही. बुंध्याशी जमिनीतून नवे कोंब येतात. आमच्या पुरंदरचे शेतकरी त्यांना काश्या म्हणतात आणि त्यांच्यावरच पुढची लागवड करतात. एप्रिल-मेच्या उन्हात या काश्या जगवणं हेच खरं काम. दुपारच्या उन्हातून बाजूला घ्यायचं आणि न चुकता पाणी द्यायचं. तेव्हा ना फूल असतं, ना वास, ना कौतुक. फुलं असताना पाणी कुणीही घालतं. एप्रिलमध्ये जो घालतो, शेवंती त्याची. हे मी माणसांच्या बाबतीतही मानते, आणि आजारपणात आक्कांजवळ कोण होतं ते तुला आठवत असेल.

पावसाच्या तोंडावर काश्या वेगळ्या करून लावायच्या, महिन्याभराने शेंडे खुडायचे म्हणजे झाड पसरतं. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र खुडायचं नाही, कळ्या लांबतात.

आणखी एक. त्या फोटोत गॅलरीतली ट्यूब चालू आहे आणि निरोपावर वेळ आहे रात्री अडीचची. शेवंती कळी धरते ती रात्री मोठ्या होऊ लागल्या की. त्या रात्री तिला अखंड अंधार लागतो. फुलं उशिरा हवी असतील तर बागाईतदार मुद्दाम मध्यरात्री दिवे लावतात, इतका या गोष्टीचा परिणाम होतो. तेव्हा ट्यूब बंद कर. पण तू अडीचला जागी का होतीस? परदेशातल्या लोकांशी बोलायचं काम असतं हे कळतं मला, पण मग सकाळी झोपतेस का? डबा खातेस का? तुझ्या आईला विचारलं तर ती विषय बदलते. डोळ्यांखाली काळं दिसत होतं गौरीच्या वेळी, तेव्हा सगळ्यांसमोर बोलले नाही. साहेबांशी बोलून पाळी बदलून घे. संकोच करू नकोस, तुझा हक्क आहे तो.

नवी कुंडी आणायचा विचार सोड. बोटाने माती बघायला लाग, महिन्याभरात हाताला सवय होईल. आणि मार्चमध्ये काश्या फुटल्या की सगळ्या स्वतःकडे ठेवू नकोस. त्यातल्या चार शेजाऱ्यांना दे. एका घरातली शेवंती गेली तर दुसऱ्या घरातून परत आणता येते.

तुझी,
माई मावशी