तीनशे ग्रॅम मीठ



मागच्या वर्षी मृग लागायच्या आधी आमच्या शेजारच्या वहिनी डोळ्यांत पाणी घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा शेतकी पदवीधर. दोन वर्षे परीक्षा देत होता. अखेर नेमणूक झाली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी हुकमावरचे गाव नीट वाचले तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे झाले. तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली.

"भावोजी, तुमची साहेब लोकांत ओळख आहे. एवढा हुकूम बदलून द्या. नाहीतर मला ती नोकरीच नको."

ओळख आहे, हे खरे. शब्दही टाकता आला असता. मी म्हटले, पोराला संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कितीतरी घरांत असा शिकलेला मुलगा नाहीतर मुलगी असेल, आणि असा एखादा हुकूम तुमच्याही दारी येईल.

आधी माझे गाव सांगायला हवे. मी राहतो नवी मुंबईत. पण बाहेरून आलेला नव्हे, बेलापूर पट्टीतल्या आगरी घरातला आहे. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. त्यात आमची खाडीकाठची भातजमीनही गेली. मी तेव्हा पाळण्यात होतो.

आमची शेती खारी. खाडीच्या कडेला मातीचा बांध, त्याला उघाडी, आणि आत भात. उधाणाला बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरायचे आणि पुढची दोन-तीन वर्षे ते शेत हातचे जायचे. म्हणून रत्त्यासारखी खारे पाणी सोसणारी जुनी भाते. बांधाच्या पलीकडे मिठागरे. मीठ म्हणजे आमच्या वडिलांचा वैरी, आणि मिठागरावर मजुरीला गेले की तेच मीठ पोटाला भाकर द्यायचे. जमीन गेल्यावर वडील बांधकामावर रखवालदार झाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले. वडील तिकडे होते. घरी आले ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पुढे त्याच लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला, पण त्या जमिनीवर भात होत नाही.

अशा बापाच्या मुलाने दापोलीला जाऊन शेतकीची पदवी घेतली, याला गावातले लोक हसले. हसू द्या. मला दुसरे काही सुचतच नव्हते.

१९९५ साली माझा हुकूम आला, भामरागड. रेल्वेने बल्लारशा, तिथून एस.टी.ने आलापल्ली, आणि पुढे ६५ किलोमीटरच्या आसपास नुसते रान. साग, बांबू, मोह, तेंदू. गाडीत माझ्याशिवाय तीन माणसे आणि एक बकरी. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेवरचा त्या वेळचा पूल ठेंगणा. पावसाळ्यात नदी फुगली की तो पाण्याखाली जायचा आणि गाव जगापासून तुटायचे, कधी दोन दिवस, कधी आठ.

पहिले तीन महिने मी काय केले असेल? रडलो. खोटे कशाला सांगू? खोलीत कंदील, वर कौलांत घुशी, आणि रात्री रातकिड्यांचा असा आवाज की कानांत दडे बसावेत. मासळीवाचून जेवण उतरेना. आईने बांधून दिलेला जवळा आणि सुके बोंबील मी महिनाभर मोजून मोजून खाल्ले. माडिया लोकांची भाषा कळेना. पाण्याला येर म्हणतात एवढे पहिल्या आठवड्यात कळले, कारण तहान लागत होती. चहाला दूध मागितले तर लोक एकमेकांकडे पाहू लागले. गाईचे दूध वासराचे, ते माणसाने काढायचे नाही, असा तिथला रिवाज. मी कोरा चहा प्यायला शिकलो, तो आजपर्यंत पितो.

सप्टेंबरात हिवताप झाला. हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे, तिथल्या दवाखान्यात मला दोन माणसांनी खांद्यावर हात टाकून नेले. ताप उतरला तेव्हा शेजारी एक माडिया बाई लेकराला घेऊन बसली होती. ती दोन दिवस चालत आली होती. मी पुलापलीकडून आलो होतो. त्यानंतर माझे रडणे जरा कमी झाले.

आता कामाचे सांगतो. इथे माझ्या हातून चूक झाली, आणि ती मी तीस वर्षांत फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

तिथली शेती दोन तऱ्हेची. सखल जागी बांधी, म्हणजे धुरे घातलेली धानाची शेते, त्यात बहुतेक जण आवत्या टाकत, म्हणजे बी सरळ फेकून पेरत. आणि चढावर कोसरीसारखे बारीक धान्य, त्यात मिसळून आणखी दोन-चार प्रकार. मी पुस्तक शिकून गेलेलो. मला ते सगळे मागासलेले दिसले. दुसऱ्या वर्षी मी लाहेरीच्या वाटेवरच्या एका टोल्यात पाच घरांना सुधारित बुटक्या धानाचे बी दिले. पऱ्हे टाका, ओळीत रोवणी करा, युरिया दोन हप्त्यांत द्या, असे सगळे सांगितले. आश्रमशाळेत शिकलेला एक मुलगा माझे बोलणे त्यांना सांगायचा. एका म्हाताऱ्याने आपली सगळ्यांत चांगली, पाणी धरणारी बांधी या बियाण्याला दिली. मी मागितली म्हणून दिली.

रोवणी झाली आणि पाऊस धरला. पूल बुडाला. युरियाच्या गोण्या नदीच्या अलीकडे, धान पलीकडे. जे वाण खतावर पोसते त्याला खतच मिळाले नाही. ऑगस्टात गादमाशी आली. बांधीत जिकडे पाहावे तिकडे चंदेरी पोंगे. ज्याला पोंगा आला त्या फुटव्याला लोंबी येत नाही, हे धान पिकवणाऱ्या वाचकांना सांगायला नको. शेजारच्या बांधीत त्यांचे जुने धान होते, त्यातही कीड होती, पण निभावले. माझ्या पाच घरांना चौथाई पीक आले.

ते उपाशी राहिले नाहीत, ते चढावरच्या कोसरीमुळे आणि जंगलामुळे. माझ्यामुळे नव्हे.

मी वाट पाहत होतो की कोणी शिव्या देईल. कोणी काही बोलले नाही. नवे धान खाण्याचा सण आला तेव्हा त्याच म्हाताऱ्याने मला बोलावले आणि मोहाच्या पानावर नव्या तांदळाचा भात वाढला. त्याच बांधीतला. तो घास गिळताना काय झाले ते मला लिहिता येणार नाही.

आणि त्याच आठवड्यात अहवाल पाठवायचा होता. मी लिहिले, "सुधारित वाणाचे उत्पादन समाधानकारक." हेक्टरी आकडाही घातला. मला कोणी तसे लिहायला सांगितले नव्हते. नोकरी नवी, लग्न ठरलेले, अपयश लिहायला हात धजला नाही. म्हणजे पुढच्या साली त्या अहवालाच्या भरवशावर तेच बी आणखी कुठेतरी वाटले गेले असेल.

दिवाळीला घरी आलो. वडिलांनी विचारले, "तिकडं भात होतं का?"

"होतं."

"बांध फुटतं का?"

"नाही. तिथं खारं पाणी नाही."

"मंग तू त्यांना काय शिकवतस?"

मी गप्प. वडील हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "पयलं त्यांचं बी बघून ये. कुठं ठेवतात, कसं ठेवतात."

मी परत गेलो आणि तेच केले. घरोघर बियाणे पाहत हिंडलो. बांबूच्या कणग्या शेणाने सारवलेल्या, आत जुने धान जपून ठेवलेले. पेरणीआधी बियाण्याचा सण होतो, तो झाल्याशिवाय कोणी मूठभरही पेरीत नाही. बी चांगलेच होते, फक्त त्यात पोचट दाणा बराच. इथे मला माझ्या पुस्तकातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट आठवली, मिठाच्या पाण्याची. तुम्हाला ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगतो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी ओतून ढवळायचे आणि पाणी निवू द्यायचे. वर तरंगेल ते पोचट आणि रोगट, ते काढून टाकायचे. तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे. हे त्यांच्याच जुन्या धानाला करायचे, नवे काही घ्यायचे नाही.

मी त्या टोल्यात घमेले मांडले आणि पिशवीतून मीठ काढले. एक म्हातारी पुढे आली आणि माझा हात धरला. मुलगा हसत म्हणाला, "साहेब, आजी म्हणते, एवढं मीठ पाण्यात घालता जी? महिन्याचं आहे."

मी मिठागरांच्या काठी वाढलेला. आमच्याकडे मिठाचे ढीग आणि वर कावळे. मीठ हा खर्च आहे, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. त्या आजीच्या पिढीने चारोळीच्या मापाला मिठाचे माप घेऊन बाजार केलेला होता. आज वाशीच्या मसाला बाजारात तीच चारोळी किलोला हजाराच्या वर जाते. तिथून जाताना मी भाव विचारतो आणि काही न घेता पुढे होतो. बायको म्हणते, घ्यायची नसते तर विचारता कशाला?

पण आजीने नाही म्हटले नाही. थोडा वेळ बायका आपसात बोलल्या. मग त्यांनी ठरवले की पाणी एकच करायचे आणि सात घरांनी आळीपाळीने आपले बी त्यातूनच काढायचे. मी माझ्या पिशवीतले मीठ दिले, पण पाणी त्यांनी सांभाळले. एका घराचे बी निघाले की घमेले दुसऱ्या दारी. पाणी फिके पडले की चिमूटभर मीठ वाढवायचे. तरंगलेले पोचट कोंबड्यांना. शेवटी उरलेले पाणीही फेकले नाही, गाळून आटवून गुरांच्या चाऱ्यावर शिंपडले. आमच्या पुस्तकात दर शेतकऱ्याला स्वतंत्र द्रावण लिहिलेले. सात घरांत एक घमेले, ही युक्ती कोणा शास्त्रज्ञाने लिहिलेली मी तरी वाचली नाही. पुढच्या टोल्यांत ती मीच सांगत सुटलो, आणि त्या आजीने सांगितले, असे सांगायचो.

त्या साली धान एकसारखे उगवले. फार मोठा चमत्कार झाला असे नाही. पण त्या वर्षीचा अहवाल मी खरा लिहिला, आणि त्यात मागच्या वर्षीच्या बुटक्या वाणाचेही खरे लिहिले. वरून विचारणा आली, आधी समाधानकारक कसे म्हटले होते? मी उत्तर दिले, खोटे लिहिले होते. एक वेतनवाढ रोखली गेली. योग्यच झाले.

लग्न झाल्यावर बायको आली. उरणची मुलगी, तिला वाटले होते वाघ दारात बसलेला असेल. वाघ काही आम्हाला चार वर्षांत दिसला नाही, विंचू मात्र रोज. तिने पहिल्याच महिन्यात शेजारणींना जवळ्याची चटणी खाऊ घातली. त्यांनी तिला लाल मुंग्यांची दिली. दोघींनी तोंडे वाकडी केली आणि दोघींनी पुन्हा मागितली. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे ती त्यांच्याबरोबर मोहफुले वेचायला जाई, मे महिन्यात तेंदूच्या ७० पानांचे पुडके बांधायला शिकली. माझ्यापेक्षा तिला भाषा लवकर आली. बदलीचा हुकूम आला तेव्हा रडली तीच.

त्या भागात दुसरीही भीती होती, बंदुकीची, दोन्ही बाजूंची. गावकरी मध्ये भरडले जात. माझ्या आईने ती चार वर्षे कशी काढली ते तिलाच माहीत. वहिनींना मी हेही सांगितले. काही झाकले नाही.

पोराने सगळे ऐकले. त्याला एकच विचारायचे होते, "काका, तिथल्या लोकांच्या जमिनी पण जाणार का? आपल्यासारख्या?" मी त्याला सांगितले की २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, आणि त्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आपला बांबू ते गाव स्वतः विकू लागले. असा कागद आमच्या वडिलांच्या हाती कधी आला नाही. जिथे कागद आहे तिथे लोकांना तो वाचून दाखव, म्हटले. बाकी पुढचे मला सांगता येत नाही.

हुकूम बदलायला मी शब्द टाकला नाही. वहिनी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरगा गेला.

जुलैत त्याचा फोन आला. दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. म्हणाला, पाऊस फार आहे, खोली गळते, भात बरा मिळतो. मग विचारू लागला, इथे कोणते वाण सांगू?

मी विचारले, त्यांच्या कणगीत काय आहे ते पाहिलेस का?

"नाही अजून," म्हणाला. "उद्या जातो." आणि फोन पुन्हा तुटला.