तंजावरात एक दिवस, भाड्याच्या मोटारीने

रामेश्वरच्या यात्रेला निघालेली आपल्याकडची मंडळी वाटेत तंजावरला उतरतात, बृहदीश्वराचे दर्शन घेतात आणि मिळेल त्या गाडीने पुढे जातात. शेतकऱ्याने पाहावे असे जे तिथे आहे, ते गावाबाहेर आहे आणि ते राहून जाते. वाचकहो, बरोबर चार-पाच माणसे असतील तर तिथे एक दिवस मोटार भाड्याने घ्या. खर्च वाटून घेतला की जड जात नाही. मात्र ठराव आधी पक्का हवा.

स्वतः चालवायला मोटार मिळते; तिच्या काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पण मुलूख परका, पाट्या तमिळ, तेव्हा ड्रायव्हरसह घेतलेली बरी. तिची पाटी पिवळी, आकडे काळे. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देऊ लागला तर नको म्हणा. तिला भाड्याचा परवाना नसतो आणि काही बरेवाईट घडले तर विम्याचे पैसे अडकतात.

दर दोन तऱ्हांनी सांगतात. एक, ८ तास आणि ८० किलोमीटर, पुढे जादा किलोमीटरचा वेगळा दर. दुसरा परगावचा, त्यात कमीत कमी अंतर धरतात, बऱ्याच ठिकाणी २५० किलोमीटर. तुम्ही शंभर फिरलात तरी पैसे अडीचशेचे! तुमची फेरी शंभराच्या आसपासच होणार, म्हणून दोन्ही आकडे मांडून पाहा. बहुधा पहिला ठराव स्वस्त पडेल. अंतर गाडीच्या अड्ड्यापासून मोजतात की तुमच्या लॉजपासून, ड्रायव्हरचा भत्ता (तिकडे बट्टा म्हणतात) आणि टोल कोणाकडे, हेही विचारा. लॉजच्या व्यवस्थापकाकडून सगळे तमिळमध्ये कागदावर उतरवून घ्या. निघताना मीटरचा आकडा लिहा.

सकाळी लवकर देऊळ पाहा. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले हे काम, शिखर दोनशे फुटांहून उंच. दुपारी गाभारा काही तास बंद असतो, तोच वेळ मोटारीचा. सुमारे ४५ किलोमीटरवर कल्लणै आहे, करिकाल चोळाचा दगडी बंधारा. लांबी ३२९ मीटर, पाया कावेरीच्या वाळूत. पुढे इंग्रजांनी त्यात भर घातली, पण वाळूत पाया कसा धरावा हे आपण या जुन्या लोकांकडून शिकलो, असे आर्थर कॉटन या त्यांच्याच इंजिनिअरने नोंदवून ठेवले आहे. बंधाऱ्यावर उभे राहिलात की कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम आणि कालवा अशा पाण्याच्या चार वाटा दिसतात. वरच्या मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याचा रिवाजी दिवस १२ जून. त्याआधी मे महिन्यात गेलात तर नुसती वाळू पाहून याल.

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर वाटेत गाडी थांबवा. सांबा हंगामातला भात कापणीला आलेला असतो आणि कापणीच्या आठ-दहा दिवस आधी उभ्या भातातच उडीद-मूग फोकतात. उरलेल्या ओलीवर ते पीक येते, नांगरट नाही की वेगळे पाणी नाही. भंडारा-गोंदियाचे वाचक हसतील. त्यांची लाखोळी अशीच येते. तिथल्या शेतकऱ्याशी बोला. ड्रायव्हर मोडक्या हिंदीत दुभाषा होतो. नाहीच झाला, तर ओंजळीत माती आणि बी घेतले की निम्मे बोलणे होते.

राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयासाठी मोटार थांबवून ठेवू नका, ते दुसऱ्या दिवशी पायी. तिथे मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे, कारण १८५५ पर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. परतताना संध्याकाळी देवळात पुन्हा उतरा आणि आवाराच्या भिंतीवरचा, सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला मराठी शिलालेख शोधा. भोसले घराण्याची सारी हकिगत त्यात आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना तो आवर्जून दाखवा.

मग लॉजवर या, मीटरचा आकडा पुन्हा लिहा, आणि हिशेब व्यवस्थापकासमोर मिटवून पावती घ्या.